शेवंती: कुंडीत लावावी की वाफ्यात?

शेवंती बहुवर्षायू असूनही पहिला बहर ओसरला की बहुतेक रोपं वाया जातात. जागा ठरवताना ऊन सगळे बघतात, अंधार कुणी बघत नाही, आणि शेवंतीला कळी धरते ती रात्र मोठी होऊ लागली की. ही रात्र अखंड लागते. खोलीत उशिरापर्यंत दिवा असेल किंवा वाफ्यावर रस्त्याच्या दिव्याचा उजेड पडत असेल, तर झाड हिरवंगार वाढत राहतं आणि कळी मात्र धरत नाही. मग नत्रयुक्त खत वाढवलं जातं. त्यानं पानं आणखी माजतात, एवढंच.

याबाबतीत कुंडी उजवी. ती संध्याकाळी उचलून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवता येते, किंवा जाड काळ्या कापडानं रोज १३-१४ तास झाकता येते. कळ्यांना रंग दिसेपर्यंत यात खंड पाडू नये. जातीनुसार साधारण ७ ते १० आठवड्यांत फूल येतं. वाफ्यातलं झाड हलवता येत नाही, म्हणून लावण्यापूर्वी एकदा रात्री जाऊन ती जागा बघून यावी.

पाण्याच्या बाबतीत मात्र वाफा सरस. १५-२० सेंमी उंच गादीवाफा, दोन रोपांत ३० सेंमी अंतर आणि निचरा होणारी माती असली की एखाद-दुसरा दिवस पाणी चुकलं तरी झाड तग धरतं. कुंडीत दोन्हीकडून धोका. मुळं उथळ असल्यानं उन्हात ती लवकर सुकते, आणि खालच्या बशीत पाणी साचलं की मुळं कुजतात. मुळं कुजली की खालची पानं पिवळी पडतात आणि माती ओली असूनही झाड मान टाकतं. ते तहानलेलं समजून आणखी पाणी घातलं की संपलंच. त्यापेक्षा कुंडी थोडी उचलून बघावी: हलकी लागली, वरची २-३ सेंमी माती कोरडी असली, तरच पाणी द्यावं. कुंडी २०-२५ सेंमी व्यासाची घ्यावी. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाड वाळू.

वाफ्यातलं खरं दुखणं पानांवरचे ठिपके. पावसाचं पाणी मातीवर आदळून खालच्या पानांवर उडतं, त्याबरोबर बुरशीही जाते आणि काळपट-तपकिरी ठिपके खालून वर चढत जातात. ठिपक्यांची पानं काढून टाकावीत, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन करावं, पाणी मुळाशीच द्यावं. शेंड्यावरचा काळा मावा दोन्हीकडे येतो. पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन काढावा.

खुडणीही दोन्हीकडे सारखीच. रोप १५-२० सेंमीचं झालं की शेंडा खुडावा, तीन-चार आठवड्यांनी फुटव्यांचे शेंडे पुन्हा खुडावेत, आणि दिवस लहान होऊ लागले की थांबावं. त्यानंतर खुडलं तर कळ्याच हातात येतात.

घराच्या आत शेवंती वाढवण्याच्या फंदात पडू नये. उजेड अपुरा पडतो, फांद्या लांबट आणि मलूल होतात. कळ्या उमलू लागल्यावर कुंडी आत आणून थंड, उजेडाच्या खिडकीत ठेवली तर फुलं दोन-तीन आठवडे टिकतात. घट्ट हिरव्या कळ्यांची कुंडी आणली तर बऱ्याच कळ्या न उमलताच तपकिरी पडतात. घरात मांजर-कुत्रं असेल तर ती त्यांच्या आवाक्याबाहेर हवी. पानं-फुलं त्यांना बाधतात.

विकत आणलेली गच्च, बुटकी कुंडी बघून जातीची उंची ठरवू नका. त्यात बहुधा चार-पाच रोपं एकत्र असतात आणि वाढ रोखणारं औषधही मारलेलं असतं. पुढच्या वर्षी तेच झाड दुप्पट उंच होऊन आडवं पडू शकतं.

नुसती गॅलरी असेल तर बुटक्या जाती आणि कुंडी. पाच-सहा तास ऊन आणि रात्री अंधार मिळणारी जमीन असेल तर आमचा कौल वाफ्याला. दोन्ही असेल तर मातृझाडं वाफ्यात ठेवून दरवर्षी ५-७ सेंमीचे कोवळे शेंडे ओल्या वाळूत लावावेत; दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटली की कुंडीत भरावेत. बहर संपल्यावर वाफ्यातली झाडं जमिनीपासून ८-१० सेंमीवर छाटावीत. बुंध्याभोवती जमिनीतून नव्या काशा, म्हणजे मुळाशी फुटणारे कोंब, येतात. त्यातल्या कडेच्या, मुळं असलेल्या काशा वेगळ्या करून लावाव्यात आणि मधला जून, लाकडासारखा गड्डा काढून टाकावा.