परदेशी रेकॉर्डेड की इथला लाइव्ह? अर्ली इंटरव्हेन्शनचे ऑनलाइन कोर्स, बडोद्यातून पाहिलेले

अर्ली इंटरव्हेन्शनचा, म्हणजे विकासात मागे पडणाऱ्या लहान मुलांना लवकर मदत करण्याचा, ऑनलाइन कोर्स करायचा म्हटलं की बहुतेकांची गाडी दोन नावांपाशी अडते. एक परदेशी, रेकॉर्ड केलेला: फी डॉलरमध्ये, बघायचा आपल्या सवडीने, शेवटी परीक्षा आणि देखणं सर्टिफिकेट. दुसरा आपल्याकडच्या एखाद्या संस्थेचा, लाइव्ह: संध्याकाळी वर्ग आणि आपल्याच कामाचे व्हिडिओ सगळ्यांसमोर दाखवायचे. मी दोन्ही केले आहेत. मी विशेष शिक्षक, दांडिया बाजाराच्या बाजूला तीन वर्षांखालची मुलं बघतो, त्या हिशेबाने वाचा. फिजिओ किंवा स्पीचवाल्यांचं मत वेगळं असू शकेल.

भारतीय पुनर्वास परिषदेच्या (आरसीआय) नोंदणी नंबरचा विषय आधी मिटवून टाकू. काही आठवड्यांच्या अशा सर्टिफिकेटवर आरसीआयची नोंदणी मिळत नाही, कितीही सोनेरी शिक्का असला तरी. १९९२च्या कायद्याप्रमाणे ती मान्यताप्राप्त पदविका-पदवीवरच होते. डीईआयसीमध्ये, म्हणजे सरकारी जिल्हा अर्ली इंटरव्हेन्शन केंद्रात, ‘अर्ली इंटरव्हेन्शनिस्ट कम स्पेशल एज्युकेटर’ असं पदच आहे. तिथे डोळा असेल तर आधी पदवीचं बघा, कोर्स नंतर. नंबर ज्यांच्याकडे आहे त्यांना मात्र एक फरक पडतो. इथल्या कोर्सला परिषदेची मंजुरी असली तर सीआरईचे (नोंदणीनंतरच्या चालू शिक्षणाचे) गुण मिळतात आणि नूतनीकरणाच्या वेळी ते कामाला येतात. परदेशी कोर्सने माझ्या खात्यात काही भर घातली नाही.

आणखी एक, कारण हे मला वारंवार विचारलं जातं. ४० तासांचं आरबीटीचं (वर्तन-उपचारातल्या सहायकाचं) ट्रेनिंग घेऊ का? हे प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकेच्या बीएसीबी मंडळाने १ जानेवारी २०२३ पासून भारतातून नवे अर्ज घेणं बंद केलं आहे. ट्रेनिंगमधून शिकायला मिळेल, पण त्या मंडळाची पाटी लावता येणार नाही. जाहिरातीत हे बारीक अक्षरात असतं, असलं तर.

आता परदेशी कोर्सचं चांगलं तेवढं चांगलं म्हणायला हवं. व्हिडिओ सुरेख. मूल वस्तूकडे बघतं, मग आईकडे बघतं, पुन्हा वस्तूकडे, हे इतक्या जवळून टिपलेलं मी आधी पाहिलं नव्हतं. तेच अर्धं मिनिट मागे नेऊन पुन्हा बघता येतं, रात्री अकराला बघता येतं. थेरपिस्टने मुलाशी खेळून निघून जाऊ नये, रोज जो माणूस मुलाबरोबर असतो त्याला शिकवावं, हे सूत्रही त्यांनी छान पटवून दिलं. वाचनाची यादी भरगच्च. ज्यांना पुढे कॅनडा-ऑस्ट्रेलियाला जायचंय त्यांनी हाच करावा, मी आड येणार नाही.

माझं बिनसलं ते त्यांच्या असाइनमेंटच्या फॉर्मवर. मुलाच्या दिनक्रमातले प्रसंग निवडायचे आणि प्रत्येकासाठी उद्दिष्ट लिहायचं. कल्पना उत्तम. पण प्रसंगांची यादी त्यांनीच करून ठेवलेली: टबमधली अंघोळ, उंच खुर्चीवरचं जेवण, कारमधला प्रवास, झोपताना पुस्तक. सगळी खणं भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. मी जे बाळ घेतलं होतं त्याची अंघोळ आजीच्या पायांवर, तेल लावून. जेवण आजीच्या मांडीवर. प्रवास म्हणाल तर बाबांच्या ॲक्टिव्हावर पुढे उभं राहून मांडवीपर्यंत. आणि दिवसभर सांभाळणाऱ्या आजीला त्या फॉर्ममध्ये जागाच नाही. ‘पालक १’ आणि ‘पालक २’, बस्स. ते दोघं सकाळी नऊला घराबाहेर पडतात. मी हेल्पडेस्कला लिहिलं. उत्तर गोड आलं: सर्वांत जवळचा पर्याय निवडा. मग ॲक्टिव्हाची कार झाली आणि आजीची आई. दुसऱ्या दिवशी पोर्टलने शाबासकी दिली की कारमधल्या प्रवासासाठी लिहिलेलं उद्दिष्ट फार नेमकं आहे!

इथे माझा रस गेला. ज्या बाळासाठी हे शिकतोय ते बाळ त्या फॉर्ममध्ये नव्हतंच, आणि तरी मी पास होत होतो. कोर्स पूर्ण केला, कारण डॉलर भरले होते.

लाइव्ह कोर्समध्ये तेच आजी-नातू मी व्हिडिओत दाखवले, घरच्यांची लेखी परवानगी घेऊन. आजी मऊ भात भरवतेय, मूल मांडीवर आडवं, तोंड बाहेरच्या बाजूला. शिकवणाऱ्या ताईंनी दहाव्या-बाराव्या सेकंदालाच थांबवलं. चमचा कुठून येतोय हे त्याला दिसतं का? त्याला पाटावर, भिंतीला टेकवून, पाय टेकतील असं आजीच्या समोर बसवा. चमचा तोंडापासून वीतभर लांब धरून आजींना थांबायला सांगा. त्याने बघितलं, तोंड उघडलं की मगच घास. पुढे त्या म्हणाल्या, ‘सर, या व्हिडिओत तुमचाच आवाज जास्त येतोय, आजींचा कुठे आहे?’ तीसेक जणांसमोर कान लाल होतात, खरंय. पण त्या आठवड्यात आजींना मी फक्त पाट आणि थांबणं एवढंच सांगितलं, आणि बाळ चमच्याकडे हात न्यायला लागलं. एका मुलावरून सिद्ध काहीच होत नाही, हे मलाही कळतं.

तपासणीच्या साधनांतही हा फरक जाणवला. परदेशी कोर्सची सगळी भिस्त त्यांच्याकडच्या प्रश्नावल्यांवर. इथे त्रिवेंद्रमचा टीडीएससी हा विकास-तपासणीचा तक्ता आणि आपली बडोदा डेव्हलपमेंट स्क्रीनिंग टेस्ट शिकवली. डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्याच बाळांच्या अभ्यासावरून उभी केलेली, ० ते ३० महिन्यांसाठी, ५४ टप्प्यांची. अंगणवाडीतल्या ताईंनाही समजावून सांगता येते. बडोद्यात इतकी वर्षं काम करून मी ती नीट शिकलो मुंबईहून चालणाऱ्या वर्गात, आता बोला.

लाइव्हचे जाच कमी नाहीत. स्लाइड्स जुनाट, आवाज मधेच गुल, आणि अर्धा तास ‘मी ऐकू येतोय का’ यात. वेळ चुकली तर रेकॉर्डिंग मिळेलच असं नाही. आमचा एक वर्ग उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, संध्याकाळी ठेवला होता. मुंबईकरांना काय, पण इथे गच्चीगच्चीवरून ‘काप्यो छे’ चाललेलं आणि मी माइक बंद करून खाणाखुणा करतोय. ज्यांची मुलं लहान आहेत किंवा संध्याकाळीच क्लिनिक भरतं, त्यांना हा प्रकार झेपणार नाही. त्यांनी रेकॉर्डेड घ्यायला हरकत नाही, फक्त सोबत कुणी अनुभवी माणूस धरावा जो महिन्यातून एकदा तुमचा व्हिडिओ बघेल.

पैशांची ओढाताण असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचं केअरगिव्हर स्किल्स ट्रेनिंग ऑनलाइन फुकट आहे. ते २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी आहे, व्यावसायिकांचं सर्टिफिकेट नव्हे. पण आई-आजीला काय आणि कोणत्या क्रमाने सांगावं हे त्यातून छान कळतं.

लाइव्हकडे वळलात तर फी भरण्याआधी फोन करून विचारा की माझा व्हिडिओ कोण बघणार आणि एका बॅचमध्ये माणसं किती. तीसच्या वर आकडा गेला की आपली पाळी येतच नाही. आणि बॅच नवरात्रात सुरू होणार असेल तर सरळ पुढची घ्या. गरब्याच्या नऊ रात्री बडोद्यात कुणी लॅपटॉपसमोर बसत नाही, शिकवणाऱ्यांना ते समजावून सांगण्यात पहिला आठवडा जातो.