जुन्या २६५ ला मागचे टायर घेतले, कुडाळ हायवेवरच्या दुकानाचा अनुभव

आमचा महिंद्रा २६५ ट्रॅक्टर जुना आहे पण इंजिन अजून टकाटक, मागचे टायर तेवढे पार गोटा झालेले, चिखलणीत (भातलावणीआधी शेतात चिखल करताना) जागच्या जागी फिरायचे. माप १२.४-२८, म्हणजे टायरची रुंदी १२.४ इंच आणि रिम २८ इंची. हल्ली जास्त खप १३.६ आणि १४.९ चा, त्यामुळे १२.४ म्हटलं की बरेच दुकानदार "मागवावं लागेल" म्हणून वाटेला लावतात. ह्या कुडाळ हायवेवरच्या दुकानात नवे पण होते आणि एक सेकंडहँड जोडी पण.

मालकाने आधी हेच विचारलं की गाडी चिखलणीला की ट्रॉलीला. बरोबर प्रश्न आहे, कारण चिखलात नक्षीची उंची लागते आणि ट्रॉली घेऊन चिरेखाणीच्या (जांभा दगडाच्या खाणीच्या) रस्त्याला गेलं की तीच नक्षी जांभ्यावर बघता बघता झिजते, वर एखादा चिरा बाजूला लागला की टायर फाटलाच समजा. सेकंडहँड जोडी त्याने उजेडात काढून दिली, आतून हात फिरवून पॅच कुठे आहे ते बघू दिलं, काठाची तार तपासू दिली. साइडवरचा चार आकडी कोड पण बघाच, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. दुसरीकडे एके ठिकाणी काळं पॉलिश मारलेले टायर दाखवलेले आणि कोड घासलेला, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

नुसती चिखलणी असती तर ती जोडीच उचलली असती, पण आमची ट्रॉली पण चालते म्हणून नवे घेतले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर टायरवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झालाय, म्हणजे मूळ किंमत २०,००० धरली तर टायरमागे २,६०० वाचतात. पक्कं बिल मागा.

फिटिंगचं काम मस्त. आमची शेती खाडीकाठची, खाऱ्या वाऱ्याने चाकाच्या डिस्कला आतून गंजाचे पापुद्रे आलेले, पोराने ब्रशने घासून रेडऑक्साइड (गंज थांबवणारा लाल रंग) मारला आणि सुकल्यावरच ट्यूब घातली, नाहीतर तो पापुद्रा ट्यूब कापत बसतो.

तक्रार एवढीच की ट्यूब आणि फिटिंगचे पैसे वेगळे हे शेवटी कळतं आणि जुन्या टायरना काहीच भाव देत नाहीत. मी ते परत आणले, बोटवाले धक्क्याला बांधायला घेतात. जायचं तर मार्चात जावा, मे अखेरीस चिखलणीवाल्यांची रांग लागते आणि फिटिंगला पोरगा एकच.