जुन्या विंडोजचे उल्लेख: खोडायचे की शेरा मारून ठेवायचे?

विंडोज ७चा विस्तारित सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी संपला. त्यावर चालणारी पायथन या प्रोग्रामिंग भाषेची शेवटची मालिका ३.८. मग पुढच्या ३.९च्या दस्तऐवजातले विंडोज ७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांचे उल्लेख खोडावेत, की 'कालबाह्य' म्हणून ठेवावेत?

खोडणंच बरं. शेरे साचले की कामाची ओळ सापडत नाही. 'व्हिस्टा (विंडोज ७च्या आधीची आवृत्ती) किंवा त्यानंतरचे' ही अट तर आता सगळ्यांनाच लागू, म्हणजे निव्वळ अडगळ. उल्लेख शोधताना 'विन७' आणि 'एनटी ६.१' (विंडोज ७चा अंतर्गत आवृत्ती क्रमांक) हेही घाला. स्क्रीनशॉट शोधात येत नाहीत, ते डोळ्यांनीच पाहा. मथळा उडवला तर त्याच्या अँकरवरच्या (पानातल्या त्या जागेच्या खुणेवरच्या) लिंक तुटतात, तेवढा अँकर राखा.

शेरा एकाच जागी हवा, इन्स्टॉलेशनच्या पानावर: 'विंडोज ७ असेल तर ३.८ घ्या.'