सॅन डिएगोत बोट ठेवताय? तळाला तांब्याचा रंग, बिनतांब्याचा, की सिलिकॉन

आमच्या हर्णैकडे होड्या पावसाळ्यात वाळूवर ओढून ठेवतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असतेच, तेवढ्यात तळ खरवडायचा, सुकू द्यायचा, डागडुजी करायची आणि नारळी पौर्णिमा झाली की परत पाण्यात. इथे सॅन डिएगोत तसा पावसाळा नाही, थंडी पण नावालाच, त्यामुळे बोट बाराही महिने स्लिपमध्ये (धक्क्यावरच्या पाण्यातल्या जागेत) उभी आणि तळाला शेवाळ, बार्नेकल (कडक कवचाचे चिकटून बसणारे जीव), नळीतले किडे हे सगळे पण बाराही महिने कामाला. म्हणून इथे सगळे तांबं घातलेला बॉटम पेंट म्हणजे तळाचा रंग लावतात, तांबं या जिवांना विषारी असतं, आणि वर डायव्हर पण लावतात, जो उन्हाळ्यात साधारण तीन आठवड्यांनी आणि थंडीत चार आठवड्यांनी येऊन पाण्याखालून तळ पुसून जातो. गेल्या महिन्याभरात दोन ओळखीच्यांनी मला विचारलं की सेकंडहँड बोट घेतोय, तळाचं काय करू, म्हणून सगळं एकदाच लिहितोय.

आधी नियम का आले ते समजून घ्या, नाहीतर पुढची तुलना डोक्यात बसणार नाही. सॅन डिएगोतली शेल्टर आयलंडची खाडी एका बाजूने बंद, भरती-ओहोटीत आतलं पाणी नीट बदलतच नाही, आणि तिथे दोन हजारावर बोटी. पाण्यातल्या विरघळलेल्या तांब्याची मर्यादा लिटरला ३.१ मायक्रोग्रॅम आहे, त्याच्या वर गेलं की शिंपल्यांची पिल्लं नीट वाढत नाहीत. २००५ मध्ये तिथल्या पाणी नियंत्रण मंडळाने हिशोब मांडला तेव्हा बोटींच्या रंगातून आपोआप झिरपणारं तांबं वर्षाला सुमारे २,००० किलो निघालं, म्हणजे बोटीमागे साधारण ९०० ग्रॅम. आपल्या घरातला तांब्याचा एक जाडजूड लोटा डोळ्यासमोर आणा, दर बोट दर वर्षी तेवढं तांबं खाडीत विरघळवत होती. हे २०२२ संपेपर्यंत ७६ टक्क्यांनी कमी करा असा आदेश निघाला. पुढे २०१८ च्या जुलैपासून अख्ख्या कॅलिफोर्नियात करमणुकीच्या बोटींच्या रंगातून दिवसाला दर चौरस सेंटीमीटरमागे ९.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त तांबं झिरपता कामा नये असं ठरलं, आणि जास्त झिरपणारे जुने रंग दुकानातून गेले.

आता वादाचा मुद्दा. २००५ च्या त्या हिशोबात तळ साफ करण्यातून येणारं तांबं फक्त ५ टक्के धरलं होतं, वर्षाला १०० किलो. नंतर रंगाचं पूर्ण आयुष्य धरून जे मोजमाप झालं त्यात साफसफाईचा वाटा जवळपास निम्म्यापर्यंत दिसला, कारण घासल्यावर रंगाचा वरचा थर निघतो आणि खालचा ताजा थर पुढचे कित्येक दिवस जोरात झिरपत राहतो. मला हे आधी पटत नव्हतं. मग एकदा डॉकवर उभा राहून माझ्याच बोटीची सफाई बघितली, डायव्हर कडक पॅडने घासत होता आणि बोटीच्या कडेने निळसर ढग पसरत चालला होता. तो ढग म्हणजे दीड वर्षापूर्वी मीच पैसे देऊन लावलेला रंग. त्या दिवशी डायव्हर बदलला. सॅन डिएगो पोर्टच्या (बंदर प्रशासनाच्या) हद्दीत हे काम करणाऱ्यांना परवाना घ्यावा लागतो आणि पद्धतीचा मूळ मुद्दा साधा आहे, मऊ गालिच्याचा तुकडा वापरा, हलक्या हाताने पुसा, रंगाचा ढग दिसला की थांबा.

तर पर्याय. तांब्याचा कमी झिरपणारा कडक रंग हा आजही सगळ्यात स्वस्त सुरुवात, कुठलंही यार्ड (बोटदुरुस्तीचा कारखाना) लावून देतं, दोन-तीन वर्षं चालतो. पण जुन्या रंगांइतका जोर त्यात नाही, डायव्हरचा फेरा चुकवला की बार्नेकल बसतातच, आणि एकदा बसले की मऊ गालिचा चालत नाही, मग परत ते कडक पॅड आणि परत तो ढग. अजून एक, वॉटरसिपोरा म्हणून लालसर केशरी पापुद्र्यासारखा वाढणारा परका जीव आहे, त्याला तांब्याचं फारसं काही वाटत नाही, तो तांब्यावरच बसतो आणि त्याच्या पाठीवर बाकीचे बसतात. म्हणजे तांबं आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. घासल्यावर विरत जाणारे मऊ रंग मात्र इथे घेऊच नका, दर महिन्याच्या पुसण्यात ते संपून जातात.

बिनतांब्याचे पण औषध (जीव मारणारं दुसरं रसायन) असलेले रंग, झिंक पायरिथिऑन किंवा इकोनियावाले. अ‍ॅल्युमिनियमची बोट असेल तर प्रश्नच नाही, तांब्याने धातू खाल्ला जातो, हेच घ्या. फायबरच्या बोटीला पण जुन्या रंगावर प्रायमर वगैरे करून बरेचदा लावता येतात, सगळं खरवडावं लागत नाही, हा मोठा फायदा. पण तांबं नाही म्हणजे विष नाही असं समजू नका. वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्येच ६५ फुटांखालच्या बोटींवर तांब्याच्या रंगाला बंदीचा कायदा केला, २०१८ पासून लागू व्हायचा होता, तो पुढे ढकलावा लागला, कारण बदली औषधंच जास्त त्रासदायक निघाली तर काय ही शंका. आणि शंका वावगी नाही, टीबीटी (ट्रायब्युटिलटिन) या कथिलाच्या विषारी रसायनाचं असंच झालं होतं, उत्तम रंग म्हणून सगळ्यांनी लावला, फ्रान्समध्ये आर्काशाँच्या खाडीतली कालवं वेडीवाकडी वाढायला लागली तेव्हा कळलं.

सिलिकॉन. यात विष नाहीच, पृष्ठभागच इतका गुळगुळीत की काही घट्ट धरत नाही. बोट वर काढलेली असताना हात लावून बघा, तेल लावलेल्या ताटासारखं लागतं. २०११ मध्ये पोर्ट आणि ईपीए या अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ४६ रंगांची चाचणी केली त्यात या जातीतले काही चांगले उतरले आणि पाच ते दहा वर्षं टिकत असल्याने एकूण खर्च तांब्याच्या आसपासच येतो असं दिसलं. अडचण सुरुवातीच्या पैशाची. जुना तांब्याचा रंग पूर्ण काढावा लागतो आणि ते काढणंच रंगापेक्षा महाग पडू शकतं, शिवाय हे काम सगळी यार्डं करत नाहीत. ओरखडे पटकन पडतात, लिफ्टचे पट्टे लागतात तिथे दुरुस्ती करावी लागते. आणि ‘बोट चालवली की आपोआप साफ होतं’ हे वेगाने जाणाऱ्या मोटरबोटींचं, आपली शिडाची बोट पाच-सहा नॉट्सने जाते, तिच्यावर चिकटा (बुळबुळीत थर) राहतो, डायव्हर लागतोच. फक्त त्याचं काम पुसण्याचं राहतं, घासण्याचं नाही, आणि पुसलं तरी पाण्यात विष जात नाही.

माझं मत विचाराल तर, पंचवीस फुटांखालची बोट ट्रेलरवर किंवा सुक्या गोदीत ठेवा, हा रंगाचा प्रश्नच संपतो, हर्णैवाले शहाणे आहेत. मोठी बोट, तळाचा रंग अजून दोन वर्षं टिकेल असा, तर आत्ता घाईने काही खरवडू नका, चांगला रंग काढून फेकण्यात कोणाचं भलं नाही, मऊ हाताचा डायव्हर शोधा आणि तारखा पाळा. जुन्या रंगाचे थरावर थर चढलेत आणि पोपडे सुटतायत तर खरवडणं तसंही टळत नाही, मग तिथे परत तांबं लावू नका, सरळ सिलिकॉन करा. बोट दोन वर्षांत विकणार असाल तर ते पैसे वसूल होणार नाहीत, बिनतांब्याचा औषधवाला लावा. आणि न्यूझीलंडपर्यंत जायचं स्वप्न असेल तर तिथे २०१८ पासून २१ दिवस किंवा जास्त राहणाऱ्या बोटीच्या तळाला चिकटा आणि गूज बार्नेकल सोडून काही चालत नाही, तेही हिशोबात धरा.

माझ्या बोटीचा रंग अजून एक वर्ष जाईल. तोवर नवीन डायव्हरच येतोय, पोरगा दर वेळी गालिच्याचा तुकडा डॉकवर पिळून दाखवतो, गेल्या वेळी पाणी हिरवट शेवाळाचं निघालं, निळं नाही.