आउटबोर्ड उचलण्यासाठी कठड्यावरची क्रेन: एक परीक्षण

शिडाच्या बोटीसोबत डिंगी (किनाऱ्यावर ये-जा करण्याची छोटी बोट) बाळगणाऱ्यांना लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी डिंगीच्या मागच्या फळीवरचे आउटबोर्ड इंजिन काढून बोटीवर घ्यावे लागते. कारण इंजिनासकट ओढत नेलेली डिंगी वाऱ्याने किंवा लाटेने उलटली, तर इंजिन खाऱ्या पाण्यात बुडते. अडीच अश्वशक्तीचे इंजिन साधारण १४ किलोचे असल्याने हाताने वर देता येते, पण ६ अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन २५ किलोच्या आसपास जाते आणि डुलत्या डिंगीत उभे राहून ते उचलणे कंबरेला आणि बोटांना धोक्याचे असते. म्हणून आम्ही मागच्या कठड्यावर स्टेनलेस स्टीलची फिरती क्रेन आणि शेजारी इंजिन अडकवण्याचा ठोकळा असा संच बसवून घेतला.

क्रेनची कप्पी चौपदरी आहे, म्हणजे वजन दोराच्या चार पदरांवर विभागले जाते. हिशेबाने पाव वजनाइतकीच ओढ लागायला हवी. घर्षणामुळे प्रत्यक्षात जोर थोडा अधिक लागतो, तरी एकट्याने हे काम सहज होते. दोर ओढणे थांबवले की क्लीट तो धरून ठेवते आणि मोकळ्या हाताने इंजिन कठड्यावर आपटू न देता सांभाळता येते. मला सर्वांत आवडला तो इंजिन लटकवण्याचा पट्टा. तो इंजिनाच्या झाकणाखालून क्लॅम्पजवळ (इंजिन फळीला घट्ट धरणारी पकड) असा वळवलेला आहे की इंजिन जवळजवळ सरळ उभे लटकते आणि क्लॅम्प थेट ठोकळ्यावर उतरतो. नुसत्या मुठीला हूक लावून उचलले, तर खालचा भाग झुलतो आणि पंखा (प्रोपेलर) डिंगीच्या हवा भरलेल्या नळ्यांवर घासतो.

क्रेनचा पाय डेकवर टेकतो, त्यामुळे सगळा भार कठड्याच्या नळीवर येत नाही. केवळ नळीवर तोललेली क्रेन मी कुणालाही सुचवणार नाही. ठोकळा पॉलिइथिलीनचा आहे, हेही योग्यच. प्लायवुड पाणी पिऊन फुगते, त्याचे थर सुटतात आणि क्लॅम्प सैल पडतात.

उणीव एकच, पण मोठी: भुजा जागच्या जागी अडकवून ठेवण्याची सोय नाही. बोट कलली की इंजिनासह भुजा आपोआप फिरते. आम्ही भुजेच्या टोकाला दोन बारीक दोर बांधून ते दोन्ही बाजूंनी ताणून ठेवतो. उत्पादकाने साधी खीळ दिली असती, तर हा खटाटोप वाचला असता.

इंजिन कठड्यावर उभे राहत असल्याने, चुकीच्या कुशीवर आडवे ठेवल्यास तेल सिलिंडरमध्ये शिरण्याचा जो धोका फोर-स्ट्रोकला असतो, तो उरत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साचते, त्यामुळे इंजिन आतल्या कप्प्यात ठेवण्यापेक्षा बाहेरची ही जागाच बरी. मात्र पेट्रोलचा नळ आणि टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद करायला विसरू नये. संचात उन्हापासून वाचवणारे आवरण येत नाही, ते वेगळे शिवून घ्यावे. क्लॅम्प सोडण्यापूर्वी बांधायचा सुरक्षा दोरही आपलाच आणावा लागतो, आणि तो बोटीला पक्का बांधल्याशिवाय इंजिनाला हात लावू नये.