आठ महिने ताणाचं कोचिंग घेतलं, त्याचा हिशेब

आधी माझं सांगतो. वय 47, सांगलीकडच्या एका पतसंस्थेत शाखाधिकारी. थकबाकीची वसुली, पिग्मी एजंटांची रडगाणी, संचालकांचे रात्री साडेनऊचे फोन. गेल्या सप्टेंबरात डॉक्टरांनी बीपी मोजलं तर 152/98. गोळी सुरू केली आणि वर म्हणाले, "ताण कमी करा." ताण म्हणजे काय साखर आहे, चहात अर्धा चमचा कमी टाकायला?

मेहुणीच्या ओळखीतून पुण्याच्या एका मॅडमचा नंबर मिळाला. मूळच्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, बरीच वर्षं रुग्णालयात हृदयरुग्णांबरोबर काम केलेल्या. "माझ्याकडे माणसं यायची ती झटका येऊन गेल्यावर. मला ती पाच वर्षं आधी भेटायला हवी होती," असं पहिल्याच दिवशी बोलल्या. म्हणून नोकरी सोडून हे कोचिंग सुरू केलेलं. व्हिडिओवर 45 मिनिटं, 1,200 रुपये. दोन महिने दर आठवड्याला, नंतर पंधरा दिवसांनी.

पहिला महिना मला वाटलं, पैसे पाण्यात. दहा प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. शेल्डन कोहेन हे मानसशास्त्रज्ञ आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये आणलेल्या, ताण मोजायच्या प्रश्नावलीचं छोटं रूप. गेल्या महिन्यात कितीदा वाटलं की गोष्टी हाताबाहेर चालल्यात, अशा धर्तीचे प्रश्न. 40 पैकी 27 आले; जितके जास्त तितका ताण जास्त. म्हटलं, आता तक्ता देतील, आहार देतील. तर म्हणे, "तुम्हाला कुठून सुरुवात करावीशी वाटते?" अहो, ते मला कळत असतं तर मी 1,200 रुपये कशाला मोजले असते?

मग भडंगाचा विषय निघाला. रोज साडेपाचला कॅश जुळली की चहाबरोबर अख्खा पुडा, सात-आठ वर्षं. मीठ किती जातं ते मलाही माहीत होतं. त्यांनी विचारलं, "हे कमी करायची इच्छा शून्य ते दहामध्ये किती?" मी म्हटलं, चार. आता बोलणी बसणार म्हणून तयार होतो. तर त्या म्हणाल्या, "चार? एक का नाही?" आणि मीच बोलत सुटलो. वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा त्यांचं वय 58 होतं, मुलगी अजून दहावीत आहे, रात्री पायावर सूज येते. पाच मिनिटं मी माझ्याच विरुद्ध वकिली केली. नंतर कळलं की ही मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची रीत. विल्यम मिलर यांनी ती 1983 मध्ये दारूच्या समस्येवर काम करताना मांडली. वसुलीत 22 वर्षं घालवलेल्या माणसाला हे आधी कुणी शिकवायला हवं होतं. एका थकबाकीदारावर मी प्रयोगही केला. त्याने "दोन" सांगितलं आणि हप्ता भरला नाही, पण भांडण तरी झालं नाही.

व्यायामांपैकी मला मानवला तो जेकबसन नावाच्या डॉक्टरांचा, स्नायू आवळून सैल सोडायचा. मूठ घट्ट आवळायची, पाच-सात सेकंद धरायची, सोडायची. मग खांदे, मग जबडा. थकीत कर्जांची यादी वाचताना मी दात आवळून बसतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. दुसरा प्रकार पडून अंगाच्या एकेका भागाकडे लक्ष नेण्याचा. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या रुग्णालयात आठ आठवड्यांचा जो कार्यक्रम सुरू केला, त्यातला. तो मला कधीच पुरा जमला नाही. चौथ्या मिनिटाला मी घोरायला लागायचो, तेही भर व्हिडिओवर.

पैसे वसूल झाले ते इथेच. मॅडम हसल्या नाहीत. "वहिनींना जरा बोलवता?" बायकोने सांगितलं की रात्री घोरता घोरता यांचा श्वासच मध्ये थांबतो, मग दचकून उठतात. मॅडम लगेच म्हणाल्या, "हे माझ्या कामातलं नाही. आधी झोपेची तपासणी करा, तोवर पुढचं सत्र नको." जानेवारीत मिरजेत तपासणी झाली, स्लीप ॲप्निया निघाला. त्यानेही बीपी चढतं, म्हणे. आता रात्री श्वास चालू ठेवणाऱ्या यंत्राचा मास्क लावून झोपतो. मुलगी फायटर पायलट म्हणते.

तक्रारी आहेतच. भरायचे तक्ते सगळे इंग्रजीत. मराठीत मागितले, अजून "करतेच" चालू आहे. त्यांचं ॲप रोज चारला टिंग वाजवून "थांबा, श्वास घ्या" सांगायचं, एकदा ते संचालक मंडळाच्या सभेतच वाजलं. काढून टाकलं. आणि मार्चअखेर म्हणजे काय हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. 28 मार्चला मला म्हणाल्या, "सहाला ऑफिसातून निघून बघा." मी नुसता हसलो. तो महिना सगळं बारगळलं, भडंगासकट.

कुणी शोधत असाल तर एक विचारून घ्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला 1992 च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. कोच ही पाटी मात्र कुणीही लावू शकतो. मी नोंदणी क्रमांक मागितला तेव्हा मॅडमनी लगेच पाठवला, रागावल्या नाहीत.

आजचा आकडा: घरी, पाच मिनिटं शांत बसून, चहाच्या आधी, 132/84. त्यात गोळीचा वाटा किती, मास्कचा किती आणि मॅडमचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही. एप्रिलमध्ये तोच कागद पुन्हा भरला, 18 आले. आता दोन महिन्यांतून एक सत्र ठेवलंय.

भडंग फक्त शनिवारी, वाटीत काढून. परवा दुकानदार म्हणाला, "साहेब, दुसरीकडनं घ्यायला लागला काय?"