सेकंडहँड मियाटा, घरच्या घरी दुरुस्ती: दोन वर्षांनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, गाडी कशी पळते त्याचा रिव्ह्यू हवा असेल तर तो हजार लोकांनी लिहिलाय आणि सगळे खरंच बोलतायत, भारी पळते. मी लिहितोय ते गाडी उभी असताना काय होतं त्याबद्दल, कारण पहिले चार महिने ती जास्त करून उभीच होती, चाकं काढलेली, खाली घोड्या (उचललेली गाडी तोलून धरणारे लोखंडी स्टँड) लावलेल्या आणि त्याच्याही खाली मी.

गाडी २००० सालची माझदा मियाटा, दोन सीटची, कापडी छत उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार, दुसऱ्या पिढीतली, म्हणजे जिचे हेडलाइट वर उघडत नाहीत ती. उघडणारी म्हणजे १९८९ला शिकागोच्या शोमध्ये पहिल्यांदा दाखवली ती, आणि बायकोला तीच हवी होती, बेडकासारखी दिसते म्हणून, पण त्या पिढीच्या मागच्या खिडकीला प्लास्टिक असतं आणि माझ्यावालीला खरी काच आहे, थंडीत धुकं घालवायच्या तारांसकट. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात बेडकापेक्षा काच महत्त्वाची. १.८ लिटरचं इंजिन, १४० हॉर्सपॉवर, पाच गिअर, ताकद मागच्या चाकांना, वजन हजार किलोच्या जरासं वर. २००१च्या मॉडेलचे लोक जास्त पैसे मागतात पण त्याची गंमत अशी की त्या वर्षी अमेरिकेत जाहिरातीत १५५ हॉर्सपॉवर छापले गेले आणि प्रत्यक्षात निघाले १४२, मग कंपनीने ज्याला नको असेल त्याची गाडी परत घ्यायची तयारी दाखवली होती. म्हणजे फरक दोन घोड्यांचा. तेवढ्यासाठी मी नाही देणार हजार डॉलर वर.

२०२३च्या एप्रिलमध्ये ५,२०० डॉलरला घेतली, मीटरवर १,१८,००० मैल, म्हणजे १,९०,००० किलोमीटरच्या आसपास. सांगलीला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर बाबांचा पहिला प्रश्न, "अरे दोघांचीच? मग आम्ही आलो की कुठे बसायचं?" आणि लगेच दुसरा, "बॉनेट उघड बघू." दुसऱ्या प्रश्नासाठीच तर फोन केला होता. लहानपणी रविवारी सकाळी अंगणात बाबांची बजाज स्कूटर आडवी व्हायची, ते प्लग काढून त्याची काजळी पॉलिश पेपरने घासायचे आणि माझं काम म्हणजे फडकं धरून उभं राहणं. तीस वर्षं झाली, माझं फडक्याच्या वर प्रमोशन झालं नव्हतं.

तर मुद्द्याचं. गाडी घेतल्यावर तीन आठवड्यांनी पहिला मोठा पाऊस झाला आणि सकाळी दार उघडलं तर आतून ओल्या गोणपाटाचा वास. सीटच्या मागच्या कार्पेटवर हात दाबला तर बोटांच्या मधून पाणी वर आलं. मला वाटलं गेलं छत, कापडाचंच ते, फाटलं असणार. जवळच्या एका दुकानात विचारलं, त्या माणसाने गाडीकडे एकदा नीट बघितलंसुद्धा नाही आणि नवीन छताचे बाराशे डॉलर सांगून मोकळा झाला. घरी येऊन मी छतावर बादलीने पाणी ओतलं आणि टॉर्च घेऊन आत बसलो (बायको ओतत होती, मी आत बसलो, खरं ते सांगावं), तर छतातून एक थेंब नाही! पाणी येत होतं ते खालून भरून वर, सीटबेल्टच्या खांबाच्या मागून.

इथे या गाडीची मेख आहे, ती कळली की अर्धी गाडी कळली. कापडी छतावरचं पाणी मागे एका पट्टीत गोळा होतं, तिथून डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन भोकांत जातं, आणि बॉडीच्या आतून नळीने खाली उतरून मागच्या चाकाच्या पुढे रस्त्यावर पडतं. म्हणजे साधी पन्हळ हो. कोकणात मामाकडे पावसाच्या आधी शिडी लावून पन्हळीतला पाचोळा काढायचे, नाहीतर पाणी भिंतीत मुरायचं, तोच प्रकार. तेवीस वर्षांत आधीच्या मालकांपैकी कोणीही शिडी लावलेली नव्हती. पहिला मालक पाइनच्या झाडाखाली लावत असणार, कारण पाइनच्या सुया, मॅपलची ती पंखासारखी बी आणि त्यावर बसलेला गाळ यांचं जे काही झालं होतं ते बाटलीच्या बुचासारखं घट्ट होतं.

ते काढायला काय वापरायचं याची माझी पक्की मतं झालीत. लोखंडी तार नाही, कपड्याचा हँगर सरळ करून तर अजिबात नाही, आतली नळी फाटली की पाणी थेट दाराखालच्या पट्ट्यात जाणार आणि तो आतून सडणार. कॉम्प्रेसरची हवा फुल सोडायची नाही, नळी जागेवरून निसटते. गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉनची दोरी असते ना, ती. दोन डॉलरची. वाकते पण मोडत नाही, आणि टोकाला चटका देऊन गुळगुळीत केली की कशालाच लागत नाही. डावी बाजू पाच मिनिटांत झाली. उजवीला चाळीस मिनिटं मी दोरी आत-बाहेर, थोडं कोमट पाणी, परत दोरी, गुडघे सीटवर, डोकं खाली, आणि मग एकदम मोरी मोकळी होताना येतो तसा घळ्ळ आवाज आला आणि मागच्या चाकापुढे काळपट चहासारखं पाणी भदाभदा पडलं, त्यात सुया, त्यात एक अख्खं गांडूळ. सगळ्या गाडीत मला सगळ्यात जास्त आनंद याने दिलाय, हायवेवर टप उघडून जाण्यापेक्षाही जास्त, हसायचं तर हसा.

उजवीकडे उशीर झालाच होता पण. मागच्या चाकाच्या लगेच पुढे, दाराखालच्या पट्ट्यावर रंगाला फोड आलेत, नखाने टोकरलं की तांबूस पूड पडते. वरून इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून खातंय. आत मेणासारखं गंजरोधक मारलंय, पण पत्रा कापून नवीन लावायचं काम माझ्या हातचं नाही, ते पुढच्या वर्षी पैसे साठवून.

मग वास. नुसतं वरून शाम्पू मारून काही होत नाही, कार्पेटखाली फोम आहे आणि पाणी तो पितो. एका सीटला चार बोल्ट, खालचा वायरचा जोड सोडवायचा, सीट बाहेर. मग कार्पेट उचलून ओलं ओढणारा व्हॅक्यूम भाड्याने आणला आणि जुलैच्या उन्हात तीन दिवस सगळं अंगणात वाळत घातलं, शेजारच्या काकूंनी (गुजराती आहेत, फार चांगल्या) विचारलं की पापड घातलेत का. सीटखाली सापडलं ते असं: सदतीस सेंट, गोल्फच्या बॉलखाली लावायची लाकडी खुंटी, लहान मुलीची गुलाबी क्लिप आणि दगड झालेले फ्राइज. गाडी दोनच सीटची आणि क्लिप लहान मुलीची, म्हणजे कोणीतरी बाप रविवारी पोरीला घेऊन फिरवत असणार. ती क्लिप मी फेकली नाही, डिकीत बॅटरीशेजारी आहे. हो, हिची बॅटरी डिकीत असते, आणि साधी कुठलीही आणून बसवायची नाही, गॅस बाहेर जायच्या नळ्या जोडता येतात तसलीच घ्यायची.

हेडलाइटवर पैसे वाया गेले तेही सांगतो. पिवळे पडले होते, मग दोन मिनिटांत नव्यासारखे म्हणून एक लिक्विड घेतलं, दोन मिनिटांत झालेही, आणि सहा आठवड्यांत परत पिवळे. त्या बाटलीला शून्य मार्क. शेवटी काम केलं ते पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनेच, आधी १००० नंबर, मग २०००, मग ३०००, मग पॉलिश, आणि सगळ्यात शेवटी ऊन थोपवणारा कोट. तो कोट चुकवला की सगळी मेहनत पाण्यात. एका दिव्याला एक तास लागला. बाबांना फोटो पाठवला तर उत्तर आलं, "पेपर कुठल्या नंबरचा?"

इंजिनमध्ये फार काही नाटकं नव्हती. प्लगच्या खड्ड्यांत तेल साचलं होतं, वरच्या कव्हरचं पॅकिंग कडक होऊन गेलेलं, त्या वयाला होतंच. दहा नंबरच्या गोटीपान्याने सगळं निघतं, फक्त परत लावताना बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे, जोर नाही दाखवायचा. प्लग बसवताना टोकाला रबरी नळीचा तुकडा लावून हाताने फिरवायचा, वाकडा जात असेल तर नळी आपोआप घसरते आणि ॲल्युमिनियमचे आटे वाचतात. ही युक्ती मला आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या मामांनी फोनवर सांगितली, त्यांनी मियाटा आयुष्यात पाहिलेली नाही. ऑइल बदलणं सोपं, फिल्टर मात्र इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, खाली दडलेला आहे, हात जेमतेम जातो आणि सैल केला की तेल मनगटावरून कोपरापर्यंत येतं, तर जुना बनियन घालूनच बसायचं.

क्लच जूनमध्ये गेला. पेडल दाबलं आणि ते खाली जाऊन तिथेच राहिलं, सिग्नलला, मागे ट्रक. या गाडीत गिअरबॉक्सच्या बाजूला क्लचचा छोटा सिलिंडर असतो तो कधी ना कधी गळतोच, पार्ट पंचवीस डॉलर, दोन बोल्ट. पाइपचा नट मात्र साध्या पान्याने गोल होतो, त्यासाठी चिरेचा पाना (पाइपवरून सरकवून नट सगळीकडून पकडणारा) लागतो, तो मी पार्ट्सच्या दुकानातून उसना आणला. इकडे ही सोय खरंच चांगली आहे, डिपॉझिट भरा, हत्यार न्या, परत दिलं की सगळे पैसे परत, आणि जुनं ऑइलही फुकट घेतात. मग क्लचच्या तेलात शिरलेली हवा काढायची, त्याला दोन माणसं लागतात.

मी खालून: "दाब."
बायको वरून: "दाबलं."
"धरून ठेव. सोडू नको हां."
"धरलंय रे. किती वेळ?"
"सोड आता."
"म्हणजे आधी सोडायचं नव्हतं?"

एक तास गेला. त्यात एक गाढवपणा माझा, बाटलीतलं थोडं ब्रेकचं तेल (क्लचलाही तेच लागतं) मडगार्डवर सांडलं आणि मी म्हटलं नंतर पुसू. ते रंग खातं, हे मी वाचलं होतं, तरीही. दुसऱ्या दिवशी अंगठ्याएवढा रंग सुरकुतला होता. लगेच पाण्याने धुतलं असतं तर काही झालं नसतं. डाग आहे अजून.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा, मी केला नाही, मेकॅनिकला दिला. ६०,००० मैलांना बदलायचा असतो आणि आधीच्या मालकाकडे पावती नव्हती, तिथे शिकण्याची हौस कशाला.

पैशांचं बोलायचं तर बेल्ट सोडून पार्ट आणि सामान मिळून ६४० डॉलर, हत्यारं ३०० ची. पार्ट स्वस्त आणि कुठेही मिळतात कारण ही गाडी विकलीच तेवढी गेलीये, २०१६च्या एप्रिलमध्ये दहा लाखावी मियाटा बनली, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये एवढ्या दुसऱ्या कुणी बनवल्या नाहीत. पहिली स्पोर्ट्स कार म्हणून माझ्या ऑफिसातला एकजण जुनी जर्मन घेऊन बसलाय, वेगाला माझ्या दुप्पट आहे, पण त्याला साधा बल्ब बदलायला बंपर काढावा लागतो. माझ्यासारख्या फडकेवाल्याला हीच बरी, हात जातो, पाना फिरतो, चूक केली तरी बहुतेक वेळा सुधारता येते.

घ्यायची असेल तर इंजिनचा आवाज ऐकत बसू नका, तो सगळे ऐकतात. सीटमागचं कार्पेट उचला आणि तळहात दाबा. विकणाऱ्याला विचारून दोन्ही भोकांत तांब्याभर पाणी ओता आणि खाली वाकून बघा कुठून पडतंय. मागच्या चाकापुढचा पट्टा नखाने टोकरा. क्लच दाबून अर्धा मिनिट धरा. हे चार करू देत नसेल तर निघा तिथून. सहा फुटांच्या वर असाल तर आधी बसून बघा, माझे साडूभाऊ बसले आणि त्यांचं डोकं काचेच्या फ्रेमला. आणि खाली शिरणार असाल तर नुसत्या जॅकवर नाही, घोड्या लावूनच, यात चेष्टा नाही.

पाचपैकी साडेचार मार्क. अर्धा गंजाचा कापला, आणि तो खरं तर गाडीचा नाही, पाइनखाली लावणाऱ्याचा आहे.

परवा रात्री दोनला जोरात पाऊस आला. छत्री आणि टॉर्च घेऊन बाहेर गेलो, खाली वाकलो. डावीकडून करंगळीएवढी धार, उजवीकडून पण. बायकोने खिडकीतून विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही, पन्हळ बघतोय.